गिगाबाइटचा भाव, मिनिटांचे मोल

सकाळी शटर वर करायचे, संगणकाचे बटण दाबायचे, देवासमोर उदबत्ती लावायची, समोरच्या टपरीवर चहा सांगून यायचे. तरी पडद्यावरचे वर्तुळ गरगर फिरतच असायचे. पंधरा-सतरा वर्षांपूर्वी टेंभुर्णीत महामार्गालगतचे झेरॉक्स सेंटर असो, पतसंस्थेची शाखा असो वा रक्त-लघवी तपासणारी लॅब असो, बहुतेक ठिकाणी दिवसाची सुरुवात अशीच होई. रिपोर्टसाठी आलेला माणूस बाकावर, ऑपरेटर पडद्यासमोर, दोघेही थांबलेले. ‘कॉम्प्युटर स्लो झालाय’ हे कारण त्या काळी ‘साहेब जेवायला गेलेत’ इतकेच सर्वमान्य होते.

या दुखण्याचे निदान बहुधा चुकायचे. कोणी म्हणे व्हायरस शिरला, कोणी म्हणे प्रोसेसर जुना झाला. दुरुस्तीवाला सगळे पुसून विंडोज पुन्हा टाकून देई. चार दिवस बरे जात आणि मग पुन्हा तेच. दोष असे दुसरीकडेच. माहिती साठवणाऱ्या हार्ड डिस्कचा वेग आणि उरलेल्या संगणकाचा वेग यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडले होते. त्यावरचा इलाजही २००८ च्या सुमारास बाजारात आला होता. त्याचे नाव सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी. अडचण एकच होती, ती किमतीची.

त्या तीन-चार वर्षांत संगणकाचे हौशी लोक या नव्या वस्तूचा वेग आणि भाव तागडीत घालून तोलत होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भाव काढणारे, पुण्यात शिकायला गेलेले, अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून सुटे भाग मागवणारे असे हे लोक. बाहेरच्यांना तो रिकामटेकडा उद्योग वाटे. पण त्यातून त्यांनी जे शिकून घेतले, ते आज प्रत्येक दवाखान्याला, लॅबला आणि घराला उपयोगी आहे. जुना संगणक टाकून द्यायचा की त्यातला एक भाग बदलायचा, हा प्रश्न आजही पडतो. आणि रुग्णाच्या नोंदी कशावर ठेवायच्या, हा त्याहून मोठा प्रश्न तर रोजचाच आहे.

तबकडी आणि चिप

हार्ड डिस्कचा जन्म १९५६ चा. आयबीएमच्या त्या पहिल्या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. पुढच्या अर्धशतकात तबकड्या तळहाताएवढ्या झाल्या, साठवण लाखो पटींनी वाढली. पण मूळ रचना तीच राहिली. चुंबकीय थर दिलेली तबकडी फिरते आणि तिच्यावरून एक हात पुढे-मागे सरकत माहिती वाचतो. हाताच्या टोकावरचे शीर्ष तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. माणसाच्या केसाची जाडी याच मापात ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास भरेल.

जिथे काही हलते तिथे वेळ लागतो. नेहमीच्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद, आणि हवी ती जागा शीर्षाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंद. त्यात हात योग्य वर्तुळावर नेण्याचे आठ-नऊ मिलिसेकंद मिळवले की एक तुकडा शोधायला बारा-तेरा मिलिसेकंद होतात. माणसाला हा वेळ जाणवणारही नाही. पण २ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्या वेळात अडीच कोटींच्या आसपास ठोके वाया जातात. तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूमसारखा हा प्रकार आहे. टेबलावरचा कारकून कितीही तरबेज असो, गठ्ठे आणून देणारा शिपाई एकटा आणि जिना चढून जाणारा असेल, तर रांग हलत नाही.

एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. सिलिकॉनच्या चिपवर कोट्यवधी सूक्ष्म कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात विद्युतभार कोंडलेला असतो. किती भार आहे, यावरून शून्य की एक हे ठरते. या फ्लॅश स्मृतीचे जनक जपानच्या तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका. त्यांनी ती १९८४ मध्ये जगापुढे मांडली आणि आज सर्वत्र वापरला जाणारा तिचा ‘नँड’ हा प्रकार १९८७ मध्ये आला. मोठा भाग एका झटक्यात पुसला जातो, हे पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तेच नाव रूढ झाले. मोबाइल, पेन ड्राइव्ह, कॅमेऱ्याचे कार्ड ही सगळी याच कुळातली.

चिपवरचा तुकडा शोधायला सुमारे ०.१ मिलिसेकंद पुरतो. हार्ड डिस्क सेकंदाला असे ऐंशीच्या आसपास तुकडे शोधून देते, एसएसडी हजारो. संगणक सुरू होताना नेमके हेच काम असते: इकडे-तिकडे विखुरलेल्या हजारो छोट्या फायली गोळा करणे. समजा अशा १० हजार वेळा माहिती शोधावी लागली, तर हार्ड डिस्कला नुसत्या शोधाशोधीत दोन मिनिटे लागतील आणि एसएसडीला एक सेकंद. प्रत्यक्षात इतर कामेही असल्याने फरक एवढा टोकाचा दिसत नाही, पण चहा सांगून येण्याइतकी सवड मात्र उरत नाही.

एक चित्रपट किंवा एकच भली मोठी फाइल सलग वाचायची असेल, तर चित्र वेगळे. त्या काळची चांगली हार्ड डिस्क सेकंदाला ८० ते १०० एमबी सलग वाचत असे, चांगली एसएसडी २५० एमबीपर्यंत. म्हणजे फरक दोन-तीन पटींचा. खोक्यावर मात्र हाच सलग वेगाचा आकडा ठळक छापलेला असे. ज्या गुणासाठी पैसे मोजायचे तो गुण खोक्यावर नव्हताच, हे हौशी मंडळींनी सर्वांत आधी ओळखले.

भाव कसा तोलायचा?

फ्लॅशवर चालणारी डिस्क २००८ मध्ये अचानक उगवली नव्हती. सँडिस्क ही कंपनी १९८८ मध्ये स्थापन झाली. तिच्या तीन संस्थापकांपैकी संजय मेहरोत्रा हे कानपूरचे. या कंपनीने १९९१ मध्ये दिलेल्या एसएसडीत फक्त २० एमबी माहिती मावत होती आणि तिची किंमत १ हजार डॉलरच्या घरात होती. त्यामुळे पुढची पंधरा वर्षे ही वस्तू लष्कर, विमाने आणि कारखान्यांतील यंत्रे यांच्यापुरतीच राहिली.

सामान्य ग्राहकाच्या नजरेत ती आली २००८ च्या जानेवारीत. अॅपलने मॅकबुक एअर हा सडपातळ लॅपटॉप आणला तेव्हा त्यात ८० जीबीची हार्ड डिस्क होती. तिच्याऐवजी ६४ जीबीची एसएसडी हवी असेल तर ९९९ डॉलर जादा द्या, असा पर्याय होता. त्या वेळच्या दराने हे झाले सुमारे ३९ हजार रुपये, आणि तेही जागा कमी करून घेण्यासाठी! त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंटेलने एक्स२५-एम ही ८० जीबीची एसएसडी आणली. हजार नगांच्या घाऊक खरेदीत तिचा भाव नगाला ५९५ डॉलर, म्हणजे सुमारे २७ हजार रुपये. दहा महिन्यांत, जुलै २००९ मध्ये, तिची सुधारित आवृत्ती २२५ डॉलरला आली. रुपयांत सुमारे ११ हजार. भारतातले कर आणि दुकानदाराचा नफा वेगळा.

गिगाबाइटच्या हिशेबाने पाहिले तर स्वस्त झालेली ही एसएसडीसुद्धा जीबीला १३५ रुपयांच्या पुढे पडत होती. त्याच सुमारास हजार जीबीची हार्ड डिस्क सुमारे १०० डॉलरला मिळे, म्हणजे जीबीला पाच रुपये. सत्तावीस पट महाग वस्तू कोण घेणार?

पण साखर पोत्याने घेतात, केशर ग्रॅमने. दोन्हींचा किलोचा भाव शेजारी मांडून काही ठरत नाही. एसएसडीचा हिशेब वाचलेल्या मिनिटांत मांडावा लागतो. समजा एखाद्या लॅबमध्ये दिवसाला शंभर रुग्णांच्या नोंदी उघडल्या जातात आणि प्रत्येक वेळी सहा सेकंद वाचतात. दिवसाला दहा मिनिटे झाली. महिन्याच्या पंचवीस दिवसांत चार तासांहून थोडे अधिक, वर्षाला पन्नास तास. अकरा हजारांची वस्तू चार-पाच वर्षे चालली तर वाचलेला तास पन्नास रुपयांच्या आसपास पडला. समोर रुग्णही ताटकळलेला असतो, त्याचा वेळ यात धरलेला नाही. तोच हिशेब घरच्या संगणकाला लावला तर उलटे उत्तर येते. दिवसातून एकदा सुरू करायचा, दोन मिनिटे वाचणार. वर्षाचे बारा तास. त्यासाठी अकरा हजार मोजणे ही निव्वळ हौस होती. औषध चांगले आहे की नाही, याला एकच उत्तर नसते; कोणत्या रुग्णाला, हे आधी ठरावे लागते. एसएसडीचेही तसेच होते.

यातून हौशी लोकांनी एक मधला मार्ग काढला आणि तो फार शहाणपणाचा ठरला. संगणकात दोन डिस्क बसवायच्या. छोटी एसएसडी विंडोज आणि रोजच्या सॉफ्टवेअरसाठी, मोठी स्वस्त हार्ड डिस्क फोटो, गाणी आणि जुन्या फायलींसाठी. रोज लागणारे हाताशी आणि क्वचित लागणारे माळ्यावर, ही तर आपल्या स्वयंपाकघरातली जुनीच पद्धत.

पुढे बाजारानेही मदत केली. २०११ च्या उत्तरार्धात थायलंडमध्ये महापूर आला. हार्ड डिस्कचे अनेक कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्ड डिस्कचे भाव काही काळ भडकले. इकडे एसएसडी स्वस्त होतच होती. २०१२ च्या सुमारास ती जीबीला एक डॉलरच्या घरात आली. मग हौशींचा विषय सर्वांचा झाला.

थांबण्याचे शरीरशास्त्र

काही सेकंद वाचले म्हणून एवढा गवगवा कशाला, असे कोणी म्हणेल. याचे उत्तर माणसाच्या मेंदूत आहे. आयबीएममध्ये काम करणारे रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्ये संगणकाच्या प्रतिसादाचा वेळ आणि माणसाची सहनशक्ती यांचा संबंध मांडला. पुढे जेकब निल्सन यांनी १९९३ मध्ये तीच मर्यादा सोप्या शब्दांत सांगितली. दहावा हिस्सा सेकंदात उत्तर आले तर ते तत्काळ आले असे वाटते. एका सेकंदापर्यंत उशीर जाणवतो, पण विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांच्या पुढे मात्र लक्ष टिकत नाही. माणूस दुसऱ्या कामाकडे वळतो.

दवाखान्यात याला अर्थ आहे. सीटी स्कॅनचा एक छेद बहुधा ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचा असतो. प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट धरले तर एका छेदाला अर्धा एमबी. पाचशे छेदांची तपासणी २५० एमबीची होते. हे पाचशे तुकडे तबकडीवर विखुरलेले असतील तर शोधायला सहा सेकंद आणि वाचायला तीन, असे नऊ सेकंद लागतील. एसएसडीला एकच सेकंद. एका बाजूला लक्ष तुटण्याची सीमा, दुसऱ्या बाजूला विचार अखंड राहण्याची. जुनी तपासणी आणि नवी तपासणी पाठोपाठ उघडून गाठ वाढली की कमी झाली हे पाहायचे असेल, तेव्हा हा फरक डोळ्यांना कळतो.

अर्थात प्रमाण सोडून बोलण्यात अर्थ नाही. महामार्गावर अपघात झाला आणि डोक्याला मार लागलेला रुग्ण सोलापूरला न्यावा लागला, तर त्याचे भवितव्य रुग्णवाहिका किती लवकर आली आणि सीटीची सोय कुठे आहे यावर ठरते. डिस्कच्या आठ सेकंदांवर नाही. वेगवान संगणकाचा खरा लाभ रोजच्या गर्दीत आहे. केसपेपर काढणारा, औषधे देणारा, रिपोर्ट छापणारा असे तिघे प्रत्येक रुग्णामागे थोडे थोडे थांबतात आणि त्यातूनच दुपारची रांग वाढते.

सरासरी वेगावर विसंबण्याचा धोकाही याच काळात उघड झाला. २००८ मध्ये आलेल्या काही स्वस्त एसएसडींमध्ये जेमायक्रॉन कंपनीची नियंत्रक चिप होती. खोक्यावरचे आकडे उत्तम होते, पण वापरताना संगणक मध्येच अर्धा-एक सेकंद गोठल्यासारखा व्हायचा. अक्षर टाइप करावे आणि ते उमटूच नये, असा प्रकार. छोट्या छोट्या फायली एकदम लिहायची वेळ आली की ही चिप अडखळत असे. अमेरिकेतील आनंद लाल शिंपी या संगणक परीक्षकाने या दोषाचा तपशीलवार शोध घेतला आणि खरेदीदारांना सावध केले. शंभर कामांपैकी नव्व्याण्णव झटपट झाली आणि एक अडकले, तर सरासरी छानच दिसते. वापरणाऱ्याला मात्र ते एकच लक्षात राहते. डॉक्टरांना हे नवीन नाही. नाडीचे ठोके मिनिटाला ७२ आहेत एवढ्याने भागत नाही. मध्ये एखादा ठोका चुकतो का, तेही बोटाखाली पाहावे लागते.

पाटी पुसण्याचा प्रश्न

ही अडखळ समजायला शाळेतली पाटी आठवावी. फ्लॅश चिपवर लिहिणे ओळीओळीने होते, पण पुसणे फक्त अख्ख्या पाटीचेच होते. एका पाटीवर शंभरेक ओळी आहेत आणि त्यातली एकच बदलायची आहे. मग उरलेल्या ओळी दुसऱ्या कोऱ्या पाटीवर उतरवायच्या, त्यात बदललेली ओळ घालायची आणि जुनी पाटी पुसायला टाकायची. कोऱ्या पाट्या भरपूर आहेत तोवर हे झपाट्याने होते. सगळ्या भरत आल्या की प्रत्येक लिखाणाआधी पुसापुशी आली. म्हणूनच नवी कोरी एसएसडी पहिले काही आठवडे सुसाट धावे आणि नंतर मंदावे.

यात आणखी एक मेख होती. आपण फाइल डिलीट करतो तेव्हा संगणक फक्त आपल्या यादीतून तिचे नाव काढतो. डिस्कला ते कळतच नाही. ती बिचारी नको असलेल्या ओळीही एका पाटीवरून दुसऱ्या पाटीवर इमानेइतबारे उतरवत राहते. यावर ट्रिम नावाची आज्ञा आली. ‘या ओळी आता नकोत’ असे तिच्याद्वारे संगणक डिस्कला सांगतो, आणि डिस्क सवड मिळेल तशी पाट्या पुसून ठेवते. २२ ऑक्टोबर २००९ रोजी आलेल्या विंडोज ७ मध्ये ही सोय होती. इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या एसएसडींनाही ती मिळाली. पहिल्या पिढीला मात्र मिळालीच नाही. ज्यांनी सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त पैसे मोजले, तेच मागे राहिले. नव्या औषधाच्या, नव्या यंत्राच्या पहिल्या लाटेत उडी घेणाऱ्याने ही किंमतही धरून चालावे.

पाटी पुसून पुसून झिजते, ही दुसरी भीती. भार कोंडून ठेवणारा अतिसूक्ष्म थर प्रत्येक लिहिण्या-पुसण्यात किंचित खराब होतो. एका कप्प्यात एकच बिट ठेवणाऱ्या महागड्या चिप सुमारे १ लाख वेळा पुसता येत. दोन बिट ठेवणाऱ्या स्वस्त चिप त्या काळी सुमारे १० हजार वेळा. हा आकडा ऐकून अनेक जण बिचकले. पण हिशेब मांडला तर भीती ओसरते. ८० जीबीची डिस्क १० हजार वेळा पूर्ण लिहायची म्हणजे ८ लाख जीबी. रोज २० जीबी लिहिले आणि आतल्या उतरवाउतरवीमुळे झीज दहापट धरली, तरी ४ हजार दिवस, म्हणजे जवळपास अकरा वर्षे. शिवाय नियंत्रक चिप सगळ्या पाट्या पाळीपाळीने वापरते, त्यामुळे एकच पाटी झिजत नाही.

वीज, ऊन आणि धूळ

प्रयोगशाळेतले हे हिशेब टेंभुर्णीत आले की त्यांना इथली हवा लागते. पुणे-सोलापूर महामार्ग, पंढरपूर, कुर्डुवाडी आणि अकलूजकडे फुटणारे रस्ते, ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रीघ, उजनीचे पाणी आणि मे महिन्यात चाळिशी ओलांडणारे ऊन. इथे यंत्राला धूळ, हादरे, उष्णता आणि विजेचा लपंडाव हे चारही सोसावे लागतात.

हादऱ्यांच्या बाबतीत एसएसडी निर्विवाद सरस. फिरत्या तबकडीवर शीर्ष आपटले की ओरखडा पडतो आणि तिथली माहिती जाते. फिरत्या आरोग्य पथकाच्या गाडीतल्या किंवा मोटारसायकलवरून नेल्या जाणाऱ्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असण्याचा फायदा वेगापेक्षाही इथे जास्त. ती वीजही बरीच कमी खाते आणि आवाज करत नाही.

विजेच्या लपंडावात मात्र गोष्ट वेगळी होती. त्या वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात तासन्‌तास भारनियमन चाले. लिहिणे चालू असताना वीज गेली तर एसएसडीच्या आतल्या नकाशाचा घोळ होऊ शकतो. कोणती ओळ कोणत्या पाटीवर आहे हे सांगणारा हा नकाशा. तो बिघडला की माहिती असूनही सापडत नाही. इंटेलच्या ३२० मालिकेत २०११ मध्ये असाच दोष निघाला. वीज अवचित गेल्यावर काही डिस्क आपली क्षमता फक्त ८ एमबी दाखवू लागल्या. कंपनीने त्याच वर्षी त्यावर दुरुस्ती दिली. २०१३ मध्ये अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपीच्या संशोधकांनी पाच कंपन्यांच्या १५ एसएसडी घेऊन त्यांची वीज मुद्दाम पुन्हा पुन्हा तोडली. १५ पैकी १३ मध्ये काही ना काही बिघाड आढळला. एकीतील सुमारे एक तृतीयांश माहिती गेली, एक तर पूर्ण निकामी झाली. ज्या लॅबने इन्व्हर्टर किंवा यूपीएसचे पैसे वाचवून एसएसडी घेतली, तिने पथ्य सोडून औषध घेतल्यासारखे झाले.

उन्हाचा परिणाम आणखी सावकाश आणि म्हणून अधिक फसवा. कप्प्यात कोंडलेला भार कायमचा नसतो. तो हळूहळू पाझरतो आणि उष्णतेत लवकर पाझरतो. घरगुती वापराच्या एसएसडीसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यानुसार आयुष्यभराचे लिखाण पूर्ण झालेल्या डिस्कने वीज नसताना ३० अंश सेल्सियसला एक वर्ष माहिती टिकवली पाहिजे. नवी, कमी झिजलेली डिस्क याहून बरीच जास्त टिकवते. पण जुनी एसएसडी काढून पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात दोन-चार उन्हाळे ठेवून दिली, तर त्यातल्या माहितीची हमी राहत नाही.

गुगलच्या संगणक केंद्रांतील एसएसडींचा सहा वर्षांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हार्ड डिस्कच्या मानाने एसएसडी बदलण्याची वेळ कमी आली. पण २० ते ६३ टक्के एसएसडींमध्ये पहिल्या चार वर्षांत दुरुस्त न होणारी चूक निदान एकदा तरी आढळली. यंत्र चालू राहते, त्यातली एखादी नोंद मात्र वाचता येत नाही. शिवाय हार्ड डिस्क मरण्याआधी बऱ्याचदा खरखर, टकटक करून सूचना देते. एसएसडीच्या बाबतीत कानाला असे काही ऐकू येत नाही.

नोंदी कुणाच्या, जबाबदारी कुणाची?

डिस्कवर नुसत्या फायली नसतात. त्यात कुणाच्या पहिल्या बाळंतपणाची सोनोग्राफी असते, कुणाच्या दहा वर्षांच्या साखरेचे आकडे असतात, कुणाची बायोप्सी. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि मागितल्यास ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक झाले. गर्भलिंगनिदान प्रतिबंध कायद्याच्या नियमांत सोनोग्राफीच्या नोंदी दोन वर्षे जपायला सांगितल्या आहेत, आणि त्या संगणकावर असतील तर सही केलेली छापील प्रत ठेवायलाही. कागद ठेवायला सांगणारा हा नियम जुनाट वाटेल, पण एकाच यंत्रावर विसंबू नये हा त्यातला विचार जुना झालेला नाही.

आज एसएसडी शौकाची वस्तू राहिलेली नाही. २००९ मध्ये ८० जीबीला जे पैसे पडत, त्यात आता कितीतरी पट जागा मिळते. दहा वर्षांचा पण सुस्थितीतला संगणक कूर्मगतीने चालत असेल, तर तो भंगारात देण्याआधी त्यातली हार्ड डिस्क बदलून एसएसडी बसवून पाहावी. पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते. मात्र त्यावरच्या विंडोजला सुरक्षेचे अपडेट अजून मिळतात का, हेही तपासावे. विंडोज १० साठीचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

वेगासाठी एसएसडी घ्यावी, पण तिच्यावर एकटीवर काही सोडू नये. महत्त्वाच्या नोंदींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी. रोजचे काम एसएसडीवर, आठवड्याची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक प्रत घरी किंवा क्लाउडवर, एवढे पुरते. रुग्णांची माहिती बाहेर न्यायची तर तिला पासवर्डचे कुलूप हवे. संगणकाला यूपीएस असावा. डिस्क अगदी काठोकाठ भरू नये, थोड्या पाट्या कोऱ्या राहू द्याव्यात. आणि सहा महिन्यांतून एकदा त्या प्रतीतून एखादी जुनी नोंद खरोखर उघडून पाहावी. उघडली नाही, तर ती प्रत नव्हतीच असे समजून त्याच दिवशी नवी करावी.